टोपडं स्वच्छ दिसतंय

"अक्काला यंत्रांपाशी एकटं सोडू नकोस," खंडेनवमीच्या सकाळी ड्यूटीवर निघताना हर्षलने बजावलं होतं. हर्षल रेल्वेत, आणि रेल्वेला खंडेनवमी नसते. अक्का म्हणजे त्याची आई. त्यांना सगळं माधव नगर अक्काच म्हणतं.

"पूजाच तर करणार आहेत," मृण्मयी म्हणाली. तिच्या कडेवर दोघांचा लहानगा विहंग होता आणि हातात विहंगच्या आंघोळीच्या पाण्याचं थर्मामीटर. "त्यात काय होणार?"

"माझ्या स्कूटरच्या पूजेला मी पण हेच म्हणालो होतो."

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. त्या दिवशी घरात लिंबू नव्हतं, म्हणून अक्कांनी नारळ ठेवला होता. हर्षलने गाडी सुरू केली आणि तो थेट तळमजल्यावरच्या रजनीकाकूंच्या तुळशीत जाऊन थांबला.

"हो हो, बघते मी," असं म्हणून मृण्मयी पुन्हा थर्मामीटरकडे वळली. पाणी अर्ध्या डिग्रीने जास्त होतं. मग ते जास्त थंड झालं, मग पुन्हा तापवावं लागलं. त्या सगळ्या खटाटोपात बाहेरच्या खोलीत अक्कांनी दोन्ही कॉम्प्युटरांच्या वायरी काढल्या, दोघांना चौरंगावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, निरांजन ओवाळलं आणि वायरी परत लावूनही टाकल्या.

"जशा होत्या तशाच लावल्यात गं," त्या म्हणाल्या. "एक जरा नखरे करून राहिली होती. पण बसवली."

मृण्मयीने ऐकलं आणि सोडून दिलं. एरवी ती काहीही सोडून देणाऱ्यातली नव्हती.

विहंग झाल्यावर तिने कॉलेजातली नोकरी सोडली होती. आता कॉलेज परत बोलावत होतं, पण त्यासाठी विहंगला पाळणाघरात ठेवावं लागलं असतं. एका पाळणाघरात जिना होता, दुसऱ्यात कुत्रा होता आणि तिसऱ्यात खोड काढण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तिला त्याचाच सगळ्यात जास्त संशय आला. तिला असं काम हवं होतं की मूल डोळ्यांसमोर राहील. आणि असं काम तिला, कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं अशा ठिकाणी सापडलं होतं. ती कॉम्प्युटरवर ट्रक चालवायची आणि लोक ते बघायचे.

खेळ ट्रकचाच होता. घाट, वळणं, पाऊस, वर चाळीस टन माल. बाकीचे लोक हा खेळ भन्नाट वेगाने खेळतात. मृण्मयी तो प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत, इंडिकेटर देत, तीसच्या स्पीडने खेळायची आणि मराठी-हिंदीच्या मिसळीत बोलत राहायची.

"दीदी, ओव्हरटेक करो ना," कोणीतरी लिहायचं.

"कशाला? आगे क्या जलेबी बट रही है?" ती म्हणायची. "आणि एक लक्षात ठेवा, आरसा बघितल्याशिवाय वळायचं नाही."

हे वाक्य तिच्या बघणाऱ्यांना पाठ झालं होतं. त्यात बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायाच जास्त. पुण्याच्या एका कंपनीतल्या तेजस्विनीनेही ते ऐकलं होतं. तिला दर रविवारी बायकांसाठी खेळांचा एक कार्यक्रम करायचा होता आणि त्यासाठी मृण्मयी हवी होती. पगार कॉलेजएवढाच, आणि काम घरात.

घरात दोन कॉम्प्युटर होते. एकावर ट्रक धावायचा. ट्रक चालवायचा आणि तोच जगालाही दाखवायचा, हे एकट्याला झेपेना. बिचारा धापा टाकायचा. म्हणून हर्षलचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली उतरला. पहिल्यातलं चित्र एका काळ्या डबीतून दुसऱ्यात जायचं आणि दुसरा त्याच्या कोपऱ्यात मृण्मयीचा चेहरा चिकटवून पुढे पाठवायचा. चेहऱ्याचा कॅमेरा तिने मुद्दाम उंचावर बसवला होता, म्हणजे तिच्या मागचं आतल्या खोलीचं दार आणि दारातून दिसणारा विहंगचा पाळणाही त्यात यायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, मागे पाळणा आहे, छान घरगुती वाटतं. मृण्मयीसाठी तो तिचा आरसा होता. समोर घाट, कोपऱ्यात टोपडं.

सगळं सुरळीत चाललं होतं. दसरा झाला आणि चित्र बिघडलं.

"ताई, तुमचं बोलणं फार गोड आहे हो," तेजस्विनीने फोनवर सांगितलं, "पण तुमच्यासमोर ट्रक आहे की म्हैस, तेच कळत नाहीये. आणि तुमचा चेहरा तर चहाच्या वाफेतून बघतोय असं वाटतं. आज चार वाजता शेवटचा ट्रायल घेऊ. वरचे लोक म्हणतात, चित्र स्वच्छ नसेल तर दुसरं कोणी बघा."

मृण्मयीने फोन ठेवला. म्हणजे पाळणाघर. म्हणजे जिना, नाहीतर कुत्रा.

तिने भोपाळला भावाला फोन लावला.

"निखू, चित्र धूसर येतंय. चार वाजता ट्रायल आहे. मी मेले."

"मरू नको, ताई. पहिले नेट बघ. वायफायवर चालवून राहिलीस ना? सीधी वायर लाव."

इंटरनेटची डबी स्वयंपाकघराजवळ होती. तिथून बाहेरच्या खोलीपर्यंत, दारातून, कमरेच्या उंचीवरून एक लांब निळी वायर ताणली गेली. अक्कांनी ती बघितली, खूश झाल्या आणि तिच्यावर विहंगची दोन लाळेरी वाळत घातली. चित्र होतं तसंच राहिलं.

"मग सेटिंग बघ. बाहेर किती मोठं चित्र पाठवतेयस? डेटा किती देतेयस?"

तिने सगळे आकडे वाचून दाखवले.

"आकडे तर एकदम करेक्ट आहेत," निखिल म्हणाला. त्याचा आवाज जरा पडला. आकडे चुकीचे असते तर त्याला बरं वाटलं असतं. "चालू झालं कधीपासून हे?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला काय केलं होतंस?"

"काही नाही. दसऱ्यापासून बाकी सगळं चांगलंच चाललंय. विहू दुपारी शहाण्यासारखा झोपायला लागलाय."

हे मात्र खरं होतं. आधी तो दुपारी डोळा मिटायचा नाही. दसऱ्यानंतर एक दिवस अक्का म्हणाल्या, "दुपारी मी निजवत जाईन त्याला. तू तुझे ट्रक हाक. फक्त जवळ येत जाऊ नकोस, तुझा वास आला की उठतो." तेव्हापासून रोज दुपारी कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात ते पांढरं टोपडं दोन-दोन तास हलायचं नाही. मृण्मयीला आधी आनंद झाला, मग काळजी वाटली. एवढं कोणी झोपतं का? तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय ओढून बघितले, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "बच्चा एकदम फिट है. सो रहा है तो सोने दो, मैडम. आप भी सो जाओ."

तरी एक गोष्ट तिला खटकत होती. संध्याकाळी विहंगचे तळवे काळे असायचे. झोपलेल्या मुलाचे तळवे काळे कसे होतील? तिने फिनेल बदललं. मग पोछा बदलला. आता ती दिवसातून तीनदा फरशी पुसायची आणि रोज संध्याकाळी ते तळवे तसेच काळे.

"ताई, ऐकतेयस ना?" निखिल ओरडत होता. "ती काळी डबी. तिची वायर कुठल्या खोबणीत लावलीय? निळ्या का काळ्या?"

मृण्मयी टेबलाखाली शिरली. "काळ्या."

"हेच तर! ती निळीत पाहिजे. काळीतून तिला पूर्ण चित्र नेताच येत नाही, मग ती छोटं, दबलेलं चित्र पाठवते आणि तुझा कॉम्प्युटर ते ताणून मोठं करतो. म्हैस तिथून येऊन राहिलीय. काळीत कोणी लावली?"

जरा नखरे करून राहिली होती, पण बसवली. मृण्मयीला टेबलाखाली ते वाक्य आत्ता ऐकू आलं.

तिने वायर उपटून निळ्या खोबणीत घातली. जाईना. उलटी करून घातली. तरी जाईना. मग कॉम्प्युटर बंद केला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि आत डोकावली.

"निखू," ती हळू आवाजात म्हणाली, "आत तांदूळ आहे."

"काय आहे?"

"तांदूळ. कुंकू लावलेला. अक्षता."

"ताई, मी ही लाइन कितीतरी वर्षं करून राहिलोय," निखिल म्हणाला, "पण हे पहिल्यांदा ऐकलं."

केसातली पिन सरळ करून, श्वास रोखून, मृण्मयीने तो दाणा बाहेर काढला. तो अखंड होता. अक्का अक्षता निवडून घेतात, तुटका दाणा देवाला चालत नाही. तिला आत्ताच्या आत्ता अक्कांना तो दाखवायचा होता. पण विहूची झोप मोडेल म्हणून तिने आवाज आवरला.

"अक्का!" ती कुजबुजून ओरडली.

उत्तर आलं नाही. बाळाला निजवता निजवता त्यांचाही डोळा लागला असेल, असं तिला वाटलं.

वायर निळ्या खोबणीत सर्रकन बसली. तिने कॉम्प्युटर चालू केला, पडद्यावर ट्रक आला आणि मृण्मयी बघतच राहिली. ट्रकच्या नंबरप्लेटवरचे स्क्रू दिसत होते. घाटातल्या झाडांची पानं दिसत होती. काचेवरचा एक मेलेला किडा दिसत होता.

चार वाजले. हेडफोन कानावर चढले. तेजस्विनी व्हिडिओवर आली, नेहमीची बघणारी मंडळी जमली आणि ट्रक निघाला.

"वा!" तेजस्विनी म्हणाली. "ताई, खेळ काय स्वच्छ दिसतोय हो! पण तुमचा चेहरा?"

चेहरा अजून वाफेतच होता. पडदाभर लख्ख उजेडातला घाट आणि कोपऱ्यात भुतासारखी मृण्मयी. लोकांनी लगेच लिहायला सुरुवात केली. "दीदी, आप स्वर्ग से बोल रहे हो क्या?"

मोबाईलवर निखिलचा मेसेज चमकला. "कॅमेऱ्याची वायर वेगळी आहे, त्याला खोबणीचा संबंध नाही. काच पुसून बघ."

मृण्मयीने खेळातला ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, इंडिकेटर लावला, हात लांब करून कॅमेऱ्याच्या काचेवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

बोट काळं झालं होतं. चिकट, तुपकट, घरी पाडलेलं काजळ.

तिला एका क्षणात सगळं कळलं. खंडेनवमीला अक्का तिला म्हणाल्या होत्या, एवढी माणसं रोज तोंडाकडे बघणार, गालाला तीट लावून बस. ती हसली होती. तिने लावून घेतली नाही, म्हणून अक्कांनी ती कॅमेऱ्याला लावली. आणि दिसू नये म्हणून, मायेने, जरा पसरवली.

"एक मिनिट हं," मृण्मयी म्हणाली आणि ओढणीच्या टोकाने काच आधी गोल आणि मग आडवी, लख्ख पुसली.

धुकं गेलं. पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा आला, नाकावर टेबलाखालची धूळ आणि केसातून सुटलेली बट घेऊन. तिने पटकन बट मागे सारली.

"आता कसं!" तेजस्विनी म्हणाली. "आता एकदम..." आणि ती बोलता बोलता थांबली.

पडद्याच्या कडेला एक ओळ आली. लिहिणारी नागद्याची एक बाई होती, रोजची. "दीदी, बुरा मत मानना. बच्चे के मुँह की जगह बटन क्यों है?"

मृण्मयीने आरशात बघितलं, म्हणजे कोपऱ्यात बघितलं. पाळणा स्वच्छ दिसत होता. टोपडं स्वच्छ दिसत होतं, त्याच्या नाड्यांची हनुवटीखाली बांधलेली गाठसुद्धा. फक्त हनुवटी नव्हती. टोपड्यात दिवाणावरचा छोटा लोड होता, आणि लोडाच्या गोल तोंडाच्या बरोबर मध्ये, कापडाने मढवलेलं एक मोठं बटण, शांतपणे तिच्याकडे बघत होतं.

त्यानंतर मृण्मयी जी ओरडली, तो आवाज नंतर कितीतरी जणांनी मोबाईलवर साठवून ठेवला.

ती आतल्या खोलीत धावली. हेडफोनची वायर उपटली गेली आणि शेपटासारखी मागे आली. पाळण्यात लोड होता. लोडाला दुलई पांघरलेली होती आणि ती कडेने नीट खोचलेली होती. पलंगाखाली कोणी नाही. मोरीत कोणी नाही. बाहेर येताना ती कमरेएवढ्या निळ्या वायरवर आदळली, एक लाळेरं तोंडावर घेतलं आणि तशीच अनवाणी जिना उतरली.

"अक्का! विहू! अक्का!"

खाली रजनीकाकूंच्या ओट्यावर गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या. मध्ये शेवेचं ताट होतं. अक्का भिंतीला टेकून आरामात पाय पसरून बसल्या होत्या. आणि अंगणात, तुळशीशेजारी, टोपड्याशिवाय, अनवाणी, हातात शेवेची काडी धरून, विहंग उभा होता. त्याने कशालाच धरलेलं नव्हतं.

त्याने आईला बघितलं. खुदकन हसला. आणि डुलत डुलत, चार पावलं टाकत, तिच्याकडे चालत आला.

मृण्मयी खाली बसली आणि तिने हात पुढे केले. महिनाभर ती मोबाईल पूर्ण चार्ज करून, मागच्या खिशात घेऊन फिरत होती, का तर पहिलं पाऊल चुकायला नको.

"चालला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अक्का, चालला तो! पहिलं पाऊल!"

ओट्यावरच्या एका बाईने शेवेच्या ताटाकडे बघितलं.

"पहिलं नाही गं ते," अक्का म्हणाल्या. "पहिलं दसऱ्यालाच झालं. सोनं वाटायला खाली आणला होता. रजनीच्या हातात आपट्याची पानं बघितली आणि निघाला की तरातरा."

"दसऱ्याला?" मृण्मयीने विचारलं. "आणि मला सांगितलं नाही?"

"सांगणारच होते. घरात तू त्याचा हातच सोडत नाहीस, म्हणून तुला दिसलं नाही. पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठे चालला? मी म्हणाले असते, खाली. मग तू जिन्याला फाटक लावलं असतंस, आणि अंगणाला फिनेल."

मृण्मयीला विहंगचे तळवे दिसले. काळेकुट्ट. तीन वेळा पुसलेली फरशी तिच्या डोळ्यांसमोरून गेली.

"आणि तो लोड?"

"तुझं लक्ष कामात राहावं म्हणून," अक्का म्हणाल्या. त्यांना या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुला पाळण्यात काहीतरी दिसायला तर पाहिजे ना? रिकामा पाळणा बघून तू ट्रक दरीत घातला असतास. मी रोज दुलई पण घालत होते त्याला."

"ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय की आम्ही," रजनीकाकू मध्येच म्हणाल्या. "पहिल्या पावलाचा. सगळ्यांनी बघितला. तूच काही लिहिलं नाहीस. आम्ही म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, फार दाखवत नसेल."

गल्लीचा ग्रुप मृण्मयीने कधीचा बंद करून ठेवला होता. सकाळी-सकाळी त्यावर फुलं यायची.

तिने तिथेच, तुळशीपाशी बसून, तो व्हिडिओ बघितला. आपट्याची पानं, रजनीकाकूंचा हात, विहंगचे गुडघे, आणि मागे अक्कांचा ओरडा, "अगं बाई, चालला!" चित्र एकदम स्वच्छ होतं. मृण्मयी रडली, मग हसली, मग अक्कांवर रागवायचं ठरवलं, आणि तेवढ्यात तिला आठवलं.

ट्रायल!

विहंगला कडेवर घेऊन ती जिना चढली. खुर्चीवर बसली. रस्त्याच्या कडेला ट्रक इंडिकेटर लुकलुकवत तसाच उभा होता. कोपऱ्यात लोड टोपडं घालून विसावला होता. पण समोर कोणीच नव्हतं. तेजस्विनीच्या चौकटीत नुसती रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचं घड्याळ. कडेला एकही नवी ओळ नाही. सगळे उठून गेले होते.

गेलं काम, मृण्मयीच्या मनात आलं. ओरडणाऱ्या बाईला कोण ठेवणार? तिने कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला.

एक ओळ आली. नागद्याचीच. "दीदी, मेरा वाला बाथरूम में साबुन खा रहा था."

मग दुसरी. "मेरी वाली छज्जे पे चढ़ी थी. आप चिल्लाए तब देखा."

"माझी सासू स्वयंपाकघरात एकटी गॅसची नळी बदलत होती. थँक यू ताई."

"मेरे वाले सो ही रहे हैं. पर चादर हटा के देख लिया."

ओळींमागून ओळी यायला लागल्या. एवढ्या ओळी मृण्मयीने कधी बघितल्या नव्हत्या. शेवटी रिकाम्या खुर्चीवर धापा टाकत तेजस्विनी येऊन बसली. तिच्या कडेवर एक मुलगा होता आणि त्याच्या तोंडाभोवती मातीची मिशी.

"ताई, सापडला?"

"सापडला," मृण्मयी म्हणाली. "चालतो."

"माझाही सापडला. बाल्कनीत, कुंडीतली माती खाताना. आजोबांकडे दिला होता हो मी! आजोबा खुर्चीत घोरतायत." तिने मुलाच्या तोंडातून एक पान काढलं. "तुम्ही ओरडलात आणि मी मीटिंग-बिटिंग विसरून पळाले. वरचे साहेबपण पळाले. त्यांच्या मुलीची अजून चौकशी चाललीय."

"मग ट्रायल?"

"कसला ट्रायल? रविवार तुमचा. चित्राबद्दल तर प्रश्नच नाही." तेजस्विनीने मुलाची मातीची मिशी पुसली. "टोपडं एकदम स्वच्छ दिसलं. बटणसुद्धा."

तेवढ्यात अक्का जिना चढून आल्या. त्यांनी पडद्यावरची गर्दी बघितली, मृण्मयीचा लख्ख चेहरा बघितला आणि काळजीने कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढी माणसं बघून राहिलीत," त्या म्हणाल्या, "आणि तू काच पुसून टाकलीस?"

या वेळी मृण्मयी हसली नाही. तिने गाल पुढे केला.

तेव्हापासून ती दर रविवारी ट्रक चालवते, तीसच्या स्पीडने, गालावर तीट लावून. मागे पाळण्यात लोड असतो. त्याचं टोपडं कोणी काढलेलं नाही. विहंग खाली अंगणात असतो, जिन्याला फाटक आहे आणि मृण्मयीने आता गल्लीचा ग्रुप चालू ठेवलाय, फुलांसकट.

आणि तुम्ही? बराच वेळ मान खाली घालून वाचताय. घरात कोणीतरी असेलच, आतल्या खोलीत, बऱ्याच वेळात ज्याचा आवाज आला नाही आणि हल्ली जे फार शहाण्यासारखं झोपतं. जरा बघून या ना. बसल्या जागेवरून मान वळवून नको. उठा, जवळ जा आणि टोपडं बाजूला करून बघा.